आधी माहिती, मग चाचणी

“मोबाईल बघून कुठं करिअर ठरत असतंय व्हय?” दहावीच्या निकालाच्या आसपास कवठे महांकाळात हे वाक्य हमखास कानावर येतं. बोलणारे पोरांच्या काळजीनंच बोलतात. घरातल्या जाणत्यांना विचारावं, शाळेतल्या सरांना विचारावं, चार पोरं जातात तिकडं जावं, असं त्यांचं म्हणणं. मला ते मान्य नाही.

जाणत्यांचा सल्ला मोलाचा खरा, पण तो जाणत्यांच्या ओळखीपुरताच पोचतो. गलाईचा धंदा घ्या. खानापूर-आटपाडीपासून आपल्या तालुक्यापर्यंतची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, ती मामा-चुलत्याचा हात धरून. कुठल्या शहरात बस्तान बसेल, उधारी कुणाला द्यायची, हे मामाला ठाऊक होतं म्हणून भाचा तरला. पण ज्या धंद्यात आपला मामाच नाही तिथं काय? माती-पाणी तपासणारी प्रयोगशाळा, शीतगृहाचं यंत्रघर, उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणारी कचेरी इथं आपल्यापैकी किती जणांचे पाहुणे आहेत? ज्या कामाचं नाव घरात कधी निघालंच नाही, ते पोरगं निवडणार कसं? मग पोलीस भरती, नाहीतर इंजिनिअरिंग, नाहीतर अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा, एवढ्यावर गाडी थांबते. या वाटा वाईट नाहीत. त्या सोडून दुसरी वाट दिसतच नाही, हे वाईट आहे.

ही मामाची उणीव भरून काढायची सोय फुकट झालेली आहे. केंद्राच्या कामगार मंत्रालयाचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल 2015 पासून आहे. आपल्या शालेय शिक्षण विभागानं युनिसेफच्या मदतीनं 2020 मध्ये महाकरिअर पोर्टल सुरू केलं, तेही नववी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेकडं असलेल्या, प्रत्येक विद्यार्थ्याच्या सरल क्रमांकावर उघडणारं. कुठलं काम, त्याला कुठला अभ्यासक्रम, कुठली प्रवेश परीक्षा, कुठली शिष्यवृत्ती, हे तिथं एकाखाली एक वाचता येतं.

आणि मोबाईल नको म्हणून आता भागणारही नाही. 2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. खेड्यातल्या पोरालाही कॉलेजांचा पसंतीक्रम, दहापर्यंत, पडद्यावरच भरावा लागतो. तो भरतो कोण? मी पाहिलंय. सेवा केंद्रात रांग लागलेली, बाप हातात गुणपत्रिका धरून उभा, पोरगं मागं, आणि टंकणारा विचारतो, “सायन्स टाकू ना?” बाप मान हलवतो. पोराला कुणी विचारत नाही. मोबाईलला नावं ठेवणाऱ्या घरात निर्णय शेवटी संगणकावरच झाला, फक्त तो परक्या माणसानं केला.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे, आणि ते जास्त जोरात. हे लोक म्हणतात, करिअर सुचवणारी चाचणी द्या, ती सगळं सांगते. यातले काही तर बोटांचे ठसे घेऊन मुलाचं भविष्य विकतात. या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे भारतीय मनोचिकित्सकांच्या संघटनेनं स्पष्ट सांगितलेलं आहे. त्यावर खर्च केलेला रुपया वाया गेला समजा.

खऱ्या चाचण्यांचीही मर्यादा ओळखायला हवी. जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं माणसांच्या आवडींचे सहा गट मांडले. त्यावर बेतलेली, तिथल्या कामगार खात्याची 60 प्रश्नांची चाचणी कुणालाही फुकट देता येते. पण अशी चाचणी आवड मोजते. कुवत मोजत नाही, आणि जे कधी पाहिलंच नाही त्याची आवड तर मुळीच मोजू शकत नाही.

गेल्या हंगामात शेजारची एक मुलगी अशीच एक चाचणी सोडवत माझ्यापाशी बसली होती. रासायनिक प्रयोग करायला आवडेल का, असा प्रश्न आला. तिनं लगेच ‘नाही’वर बोट ठेवलं. “का गं?” म्हटलं, तर म्हणाली, “काका, शाळेतलं ते कपाट कायम कुलपातच असतंय. मला काय कळतंय त्यातलं?” आणि त्याच दिवशी सकाळी तिनं आईबरोबर बेदाण्यासाठी डिपिंगचं पाणी केलं होतं. लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, 15 मिली डिपिंग ऑइल. त्यात द्राक्षं किती मिनिटं बुडवायची, मण्यावरचा मेणचट थर फुटला की पाणी लवकर का उडतं, मग जाळीवर पंधरवड्यात बेदाणा कसा होतो, हे तिनं मला न अडखळता सांगितलं. रसायनशास्त्र तिच्या दोन्ही हातांना लागलेलं होतं. चाचणीनं मात्र तिच्या खात्यावर शून्य मांडलं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथं याच गोष्टींवर माणसं पगारी काम करतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे चाचणी खोटी का? नाही. क्रम चुकला. आधी दहा-वीस कामांची माहिती वाचावी, त्यातली दोन-तीन जवळ जाऊन बघावीत, आणि मग चाचणीला बसावं. तेव्हा ‘आवडेल’ आणि ‘नाही’ या शब्दांना अर्थ येतो. सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा द्यावी. उत्तर बदललं तर घाबरायचं कारण नाही, पोरगं तेवढं शिकलं.

दहावीच्या मुलांसाठी राज्यात 2016 पासून काही वर्षं कल चाचणी झाली. तांत्रिक, कृषी, वाणिज्य, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत मुलाचा कल सांगणारी. टीकाकार म्हणतात, काय उपयोग झाला? बऱ्याच घरांत तो कागद गुणपत्रिकेमागं फायलीत गेला, हे मलाही माहीत आहे. पण तो दोष चाचणीचा मानायला मी तयार नाही. दहावीच्या टोकाला, परीक्षेच्या धांदलीत, आधी काही न दाखवता विचारलं की असंच होणार.

म्हणून तालुक्यातल्या हायस्कुलांच्या मुख्याध्यापकांना हात जोडून सांगणं आहे. नववीच्या पहिल्याच सत्रात आठवड्यातून एक तास संगणक कक्षाचं कुलूप काढा. घरी एकच मोबाईल आणि तोही बापाच्या खिशात, अशी पोरं तुमच्याच वर्गात आहेत. त्यांच्या हातात सरल क्रमांक द्या आणि शेजारी बसा.