एकटे झाड, पोकळ बी



आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे इंग्लंड-अमेरिकेत घर करून आहेत. नव्या अंगणात शोभेचे कोणते झाड लावावे, असे ती कधी कधी विचारतात. आम्ही पेपरबार्क मेपलचे नाव आनंदाने सुचवू. मात्र एक विनंती करू : ते एकटे लावू नका.

हे झाड मूळचे मध्य चीनच्या डोंगरांतले. १९०१ साली अर्नेस्ट विल्सन यांच्यामुळे ते इंग्लंडच्या बागांत आले. त्याची दालचिनी रंगाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि पानगळीनंतर कोवळ्या उन्हात तांब्यासारखी उजळते. त्याला थंड हिवाळा लागतो. म्हणून बेळगाव-वडोदऱ्यात त्याचा हट्ट धरू नये.

बहुतेक लोक हिरवळीच्या मधोमध एकच झाड लावतात. तेही फळांनी लगडते. पण फळ फोडून पाहावे, तर बहुधा आत बी नसते. परागीभवन न होताही या झाडाला फळ धरते. बाहेरून भरलेले, आतून रिकामे. भरीव बी मिळाले तरी रुजायला दोन-तीन वर्षे लागतात. फांद्यांच्या छाटांनाही मुळे सहजी फुटत नाहीत.

ही केवळ माळ्याची अडचण नव्हे. रानात ही जात आज धोक्यात आहे. परदेशच्या बागांतली जुनी झाडे मोजक्याच रोपांची संतती असल्याने २०१५ साली अमेरिकन व चिनी वनस्पतितज्ज्ञांनी मिळून चीनमध्ये नव्या वाणाचा शोध घेतला. अशा वेळी प्रत्येकाने आपापल्या कुंपणात एकेक शोभेची वस्तू उभी करावी, हे आम्हांला पटत नाही.

अंगण लहान आहे, असे कोणी म्हणेल. मग एक रोप आपल्याकडे, दुसरे शेजाऱ्याकडे, तिसरे चर्चच्या किंवा शाळेच्या आवारात लावावे. मधमाशी कुंपण मानत नाही. रोपे मात्र बियांपासून वाढवलेली आणि वेगवेगळ्या ठिकाणची घ्यावीत. एकाच झाडाची कलमे कितीही लावली, तरी ते एकच झाड. आणि मुलांना सांगावे, खोडाला घट्ट असलेली साल ओढू नका. तिची वेळ झाली की ती आपणच सुटेल.

शेजाऱ्याशी बोलणे रोप विकत घेण्यापेक्षा अवघड असते, हे खरे. पण भरीव बी हवे असेल, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.