मात नेमकी कशावर?

दहावी-बारावीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर एक चौकट ठरलेली असते. ‘अंधत्वावर मात करत मिळवले ८४ टक्के’ किंवा ‘अपंगत्वाला हरवणारी जिद्द’. फोटोत आई पेढा भरवते आहे आणि मजकुराच्या शेवटी कलेक्टर व्हायचं स्वप्न आहे. लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण पत्रकारितेच्या वर्गात ही चौकट फळ्यावर लिहावी आणि बातमी म्हणून तपासून पाहावी. त्या मुलीला निकालाच्या आदल्या दिवशी दिसत नव्हतं, दुसऱ्या दिवशीही दिसत नाही. मग तिने मात केली ती कशावर? पाठ्यपुस्तकं ब्रेलमध्ये मिळाली की ध्वनिमुद्रित, आणि शाळा सुरू झाल्यावर किती महिन्यांनी? लेखनिक कुणी शोधला, शाळेने की वडिलांनी? केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ द्यायचा असतो. तो परीक्षा केंद्रावर मिळाला की भांडून घ्यावा लागला? भूमितीच्या आकृत्यांचं काय केलं? शिक्षणाची बातमीदारी करणारा माणूस इतर कुठल्याही बातमीत असे प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. इथे मात्र डोळे पाणावले की वही मिटली जाते.

माध्यमांच्या अभ्यासक्रमात अपंगत्वाचं चित्रण हा विषय आला तर तो बहुधा ‘संवेदनशीलता’ या खात्यात टाकला जातो. ३ डिसेंबरला जागतिक दिन, त्या आठवड्यात एक पाहुणे व्याख्याते, एक लघुपट, शेवटी टाळ्या. माझं म्हणणं असं की हा विषय त्या खात्यातून उचलून बातमीदारी, उपसंपादन, पटकथा आणि कॅमेरा यांच्या रोजच्या तासांत आणला पाहिजे, कारण वरच्या चौकटीत चुकलं आहे ते कसब. तिथे माया भरपूर आहे, माहिती नाही. मन मोठं करायला शिकवता येतं की नाही, हा वाद खुशाल चालू राहो; प्रश्न विचारायला, पडताळायला आणि नेमकं लिहायला शिकवता येतं, आणि त्याचसाठी तर मुलं या वर्गात बसलेली असतात.

पहिला आक्षेप सहृदय शिक्षकांकडून येतो. अनुभवाशिवाय समज कशी येणार, असं ते विचारतात, आणि मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना जिन्यावरून उतरवतात किंवा तासभर व्हीलचेअरवर बसवतात. उपक्रम लक्षात राहतो, हे खरं. पण काय लक्षात राहतं? अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात एरियल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने सहकाऱ्यांसह नेमकं हेच तपासलं. पट्टी बांधून वावरलेल्या लोकांनी नंतर अंध व्यक्तींची काम करण्याची आणि स्वतंत्र राहण्याची क्षमता कमी लेखली. हे साहजिक आहे. पट्टी बांधलेल्या पहिल्या तासाला माणूस धडपडतो, घाबरतो, आणि वीस वर्षं पांढरी काठी वापरणाऱ्या माणसाचं आयुष्यही असंच असेल असं समजून घरी जातो. वर्षानुवर्षांच्या सवयीतून येणारं कौशल्य तासाभराच्या अनुभवात सापडत नाही. त्या तासात कमावलेली भीतीच पुढे ‘काळोखातलं जगणं’ अशा मथळ्यांमध्ये उतरते.

दुसरे म्हणतात, शब्दांची एक यादी द्या, काम झालं. यादी हवी, पण यादीने भागत नाही, हे गेल्या दहा वर्षांनी दाखवलं आहे. २७ डिसेंबर २०१५च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला, पुढच्या वर्षी केंद्रातल्या विभागाच्या नावात तो आला, आणि महाराष्ट्रात २०२२च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र झाला. देवत्व नको, हक्क हवेत, असा आक्षेप अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांनी तेव्हाच घेतला होता. म्हणून मी इथे ‘अपंग’ हाच शब्द ठेवतो; ज्याच्याविषयी लिहायचं आहे त्याला कोणता चालतो ते विचारणं हा बातमीदाराचा साधा नियम. पण शब्द बदलला म्हणून वरची चौकट बदलली का? ‘दिव्यांगत्वावर मात’ एवढाच फरक पडला. उलट, अचूकपणाची सवय लागली तर शब्द आपोआप तपासले जातात. ‘व्हीलचेअरला खिळलेला’ हे वर्णन आधी चुकीचं आहे, अपमानकारक नंतर. ज्या खुर्चीमुळे माणूस घराबाहेर पडतो, कचेरीत जातो, तिला तो खिळलेला कसा? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथनाला ‘चाकाची खुर्ची’ हेच नाव दिलं. खुर्ची आहे आणि तिला चाकं आहेत, एवढं त्यात स्पष्ट आहे. मग कुणी विचारतं, ‘लंगडी सबब’, ‘आंधळा कारभार’, ‘बहिरं सरकार’ हेही भाषेतून हद्दपार करायचं का? भाषेचा पोलीस होण्याची मला हौस नाही, म्हणीही जिथे आहेत तिथे राहोत. पण अग्रलेख लिहिणाऱ्याने ‘बहिरं सरकार’ लिहिताना क्षणभर थांबावं. ज्या सरकारकडे तीन निवेदनं पोचली, ज्याने त्यांची पोच दिली आणि तरी काही केलं नाही, त्या सरकारला सगळं नीट ऐकू आलं होतं. त्याला बहिरं म्हणणं म्हणजे त्याची जबाबदारी हलकी करणं, आणि समोरच्याचे ओठ वाचण्यासाठी दिवसभर जिवाचा आटापिटा करणाऱ्या माणसाला त्याच्या पंक्तीला बसवणं.

सगळ्यात लोकप्रिय आक्षेप प्रेरणेचा. वाचकांना चांगलं वाचायला मिळतं, दुसऱ्या अपंग मुलांना बळ मिळतं, यात वाईट काय? ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि विनोदकार स्टेला यंग हिने २०१४च्या भाषणात याचं उत्तर दिलं होतं: अपंग माणसाचं साधं जगणं धडधाकटांना हुरूप यावा म्हणून वापरलं जातं. आपल्याकडे मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घ्यावं. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याने ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात जागतिक विक्रम करत भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली, चित्रपट आला २०२४ साली. पेटकरांची जिद्द कुणी नाकारत नाही, नाकारूही नये. पण १९७२ आणि २०१८ यांच्यामध्ये ४६ वर्षं आहेत आणि खरी बातमी त्या ४६ वर्षांत आहे. पदकाची नोंद कुणी ठेवली, सवलती कुणाला लागू होत्या, त्यानंतर अपंग मुलांसाठी किती तलाव खुले झाले? प्रेरणेची कहाणी या प्रश्नांना जागाच ठेवत नाही. तिच्यात अडचण हा नशिबाचा भाग असतो आणि यश हा स्वभावाचा. मधली यंत्रणा गायब. २०२४ साली पॅरिसमध्ये आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत १६.३२ मीटर फेक करून रौप्यपदक जिंकलं. त्यांची बातमी फेकीपासून सुरू करायची की अपंग हातापासून, हा प्रश्न क्रीडा पत्रकारितेच्या वर्गात विचारला गेलाच पाहिजे. माझं उत्तर: फेकीपासून.

प्रेरणेच्या नाण्याची दुसरी बाजू म्हणजे संशय, आणि तो २०२४च्या जुलैत महाराष्ट्राने जवळून पाहिला. एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून वादळ उठलं. चौकशी व्हायलाच हवी होती, माध्यमांनी ती लावून धरली हेही योग्य. पण आठवड्याभरात समाजमाध्यमांवर इतर अपंग अधिकाऱ्यांचे चालतानाचे, व्यायाम करतानाचे व्हिडिओ फिरू लागले: हा तर चालतो, मग हा अपंग कसा? अशा वेळी वर्गात शिकलेलं काय कामाला आलं असतं? २०१६चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो. १९९५च्या कायद्यात ती सात होती. या २१ मध्ये अल्पदृष्टी आहे, मनोविकार आहेत, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, सिकलसेल आहे. गडचिरोलीतला किंवा नंदुरबारमधला सिकलसेल असलेला मुलगा बसच्या रांगेत तुमच्यापुढे उभा असेल तर तुम्हाला काहीही दिसणार नाही. नोकरीतल्या आरक्षणासाठी कायदा किमान ४० टक्के अपंगत्वाची अट घालतो. ही टक्केवारी कोण ठरवतं, कशी मोजतं, तिच्यावर अपील कुठे करायचं, हे बातमीदाराला सांगता आलं पाहिजे. आणि ४० टक्क्यांची अट सगळीकडे लागू नाही, हेही. २०२१च्या फेब्रुवारीत विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारणं चुकीचं ठरवलं. त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या चौकटीत बसत नाही, ही सबब न्यायालयाने मान्य केली नाही. एवढी माहिती हाताशी असलेला वार्ताहर खोटं प्रमाणपत्रही पकडतो आणि ‘दिसतो तर धडधाकट’ हा पुरावा नव्हे, हेही लिहितो. जनगणनेच्या आकड्याचंही तसंच. २०११ साली देशात २ कोटी ६८ लाख अपंग, म्हणजे २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात सहांतला एक माणूस लक्षणीय अपंगत्वासह जगतो. इतकी तफावत व्याख्येतून आणि प्रश्नातून येते. प्रगणकाने दारात उभं राहून काय विचारलं, घरच्यांनी काय सांगायचं टाळलं, यातून येते. २.२१ हा आकडा निमूटपणे उतरवणारा विद्यार्थी आकडेवारीच्या तासालाच नापास व्हायला हवा.

मग अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं काय? विनोदावर बंदी, पटकथेवर पहारा? इथे ८ जुलै २०२४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वर्गात अक्षरशः वाचावा. ‘आँख मिचोली’ या चित्रपटात विसरभोळ्या बापाला ‘भुलक्कड’, बहिऱ्या माणसाला ‘साउंडप्रूफ सिस्टम’, तोतऱ्याला ‘अटकी हुई कॅसेट’ अशी नावं होती. निपुण मल्होत्रा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने चित्रपटावर बंदी घातली नाही. अपंगांना हीन ठरवणारा विनोद आणि अपंगत्वाकडे समजुतीने पाहणारा विनोद यांत त्याने फरक केला, आणि लेखक-दिग्दर्शकांना या विषयाचं प्रशिक्षण मिळावं असंही म्हटलं. ते प्रशिक्षण कुठे मिळणार, जर माध्यमांच्या वर्गात नाही? चांगली पटकथा या बंधनाने आखडत नाही, हे सई परांजपे यांनी १९८० सालीच दाखवून दिलं आहे. ‘स्पर्श’मधला अनिरुद्ध स्वतः अंध आहे, अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक आहे, रागीट आहे, मानी आहे, कविता नावाच्या स्त्रीच्या प्रेमात पडतो; आणि ती आपल्याशी लग्न करते आहे ते त्याग म्हणून, या शंकेने ठरलेलं लग्न मोडतो. प्रेक्षकाने दया करायची तयारी केलेली असते, आणि दया करणाऱ्याचाच हेतू कथेत तपासाला येतो. मग अपंग पात्राची भूमिका कुणी करायची? अभिनय म्हणजे परकायाप्रवेश, हे मला मान्य आहे. ‘चौकट राजा’तला दिलीप प्रभावळकरांचा नंदू कुणी पुसून टाकावा असं मी म्हणणार नाही. पण २०१४च्या ‘येलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःचीच भूमिका करते, तेव्हा परकायाप्रवेशाची वाट इतकी वर्षं एकाच बाजूने उघडी होती, हे लक्षात येतं.

उरतो अभ्यासक्रम भरगच्च असल्याचा मुद्दा. जात, लिंगभाव, पर्यावरण, सगळ्यांनाच तास हवा. म्हणून तर मी वेगळा तास मागत नाही. आहे त्याच सरावाच्या कामात हे घाला. पहिल्या सत्रात चार विद्यार्थ्यांना जवळच्या एसटी स्थानकावर पाठवा, सोबत मोजपट्टी द्या. उताराचा चढ किती, तिकीट खिडकीची उंची किती, गाडी बदलल्याची सूचना फक्त भोंग्यावर होते की फलकावरही, स्वच्छतागृहाचा दरवाजा किती रुंद, हे त्यांनी मोजून आणावं. ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सुगम्यतेचे किमान निकष निव्वळ शिफारशी म्हणून सोडून देता येणार नाहीत. तेव्हा आगाराच्या व्यवस्थापकाला विचारायला त्यांच्या हातात ठोस प्रश्न असेल. स्थानकावरून रोज प्रवास करणाऱ्या दोन अपंग प्रवाशांशी बोलावं, आणि त्यांच्या आजारपणाची कथा न मागता गाडीची वेळ आणि चढण्याची पद्धत विचारावी. त्याच वर्गात बसलेल्या अपंग विद्यार्थ्याला, जो उच्च शिक्षणातल्या ५ टक्के आरक्षणातून आला असेल आणि ज्याला स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे कदाचित कॅमेऱ्याला हातच लावता आलेला नसेल, या कामात उदाहरण म्हणून वापरू नये. त्याला उपसंपादकाच्या खुर्चीत बसवावं. तीनशे शब्दांची कॉपी त्याच्या टेबलावर यावी. जिद्द, व्यथा, काळोख हे शब्द त्याने खोडावेत, आणि बसच्या पहिल्या पायरीची जमिनीपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये पहिल्याच वाक्यात नसेल तर कॉपी परत पाठवावी.