पाटी 'शुगर-फ्री'ची, साखर पोटातली!

उल्हासनगर असो वा बदलापूर, मिठाईवर 'शुगर-फ्री'ची चिठ्ठी दिसली की आमचा मधुमेही गृहस्थ निर्धास्त होतो. मैद्याची पोटात शर्कराच होते, हे तो सोयीस्करपणे विसरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींचा अंदाज दहा कोटींवर नेला. तरी दोष आनुवंशिकतेचा आणि लोकलचा! उभ्याने प्रवास करून रात्री दहाला भात जेवणारा थकतो, हे मान्य. पण आजीची शतपावली दहाच मिनिटे मागते. चालणारे स्नायू रक्तातील शर्करा ओढून घेतात. अंथरुणावर ती तशीच रेंगाळते. आणि आपल्या बैठकांतील चहा? तो चहा नव्हे, पाकच! पुढच्या बैठकीत तो बिनसाखरेचा मागण्याचे धैर्य किती जण दाखवणार?