वारीच्या वाटेवरचे कोठीघर

ज्येष्ठ वद्य पक्षात देहूहून निघालेली श्रीसंत तुकाराम महाराजांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून उंडवडी गवळ्याची येथे येते आणि बारामती तालुक्यातील घराघरांतून लगबग सुरू होते. पुढे बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी असे मुक्काम होतात. काटेवाडीस मेंढ्यांचे, बेलवाडीस व इंदापुरास अश्वांचे रिंगण होते आणि नीरास्नान करून सोहळा सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करतो. मुक्कामांच्या तपशिलात वर्षागणिक थोडाफार फरक पडतो, इतकेच. या दिवसांत वृत्तपत्रांतून रिंगणांची, रथाची, टाळमृदंगांच्या गजराची वर्णने भरभरून येतात आणि ती यावीतही. परंतु ज्यावाचून ही वाटचाल चार पावलेही पुढे सरकायची नाही, त्या एका स्थळाविषयी सहसा कोणी लिहीत नाही. ते स्थळ म्हणजे वाटेवरच्या घराचे कोठीघर. आजच्या या विशेष पानावर त्याविषयीच लिहावे, असे आम्ही योजिले आहे.

दारी आलेल्या वारकऱ्याला काय हवे असते? दिवसभर ऊनपावसात चालून तो आलेला असतो आणि पहाटे त्याला पुन्हा निघायचे असते. पोटाला जड होईल असे काही त्याला नको असते. गरम भाकरी, पिठले, सोबत ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर तो तृप्त होतो. दौंड तालुक्यातील यवतच्या मुक्कामी गावातील घरोघरच्या भाकऱ्या गोळा होतात आणि काळभैरवनाथाच्या मंदिरात मोठमोठ्या कढयांतून पिठले शिजते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. बारामती-इंदापूरच्या वाटेवरही लहानमोठ्या प्रमाणात हेच चालते. या जेवणाला लागते काय, तर ज्वारी, हरभऱ्याची डाळ, तेल, मीठ, मिरची, हळद, मोहरी, जिरे आणि शेंगदाणे. आमटी करावयाची तर तूर, चिंच, गूळ आणि घरचा काळा मसाला. एवढी सामग्री ज्या घरी बारमाही आहे, त्या घरी वेळीअवेळी दहा माणसे आली तरी गृहिणीला दुकानाकडे मूल पिटाळावे लागत नाही. कोठीची श्रीमंती डब्यांच्या संख्येवर मोजू नये, असे आम्हांस वाटते. मोजके जिन्नस असावेत, पण ते केव्हाही पुरून उरावेत.

आणि ही पालखी कोणाची, याचाही विचार करावा. १६३०-३१ च्या भीषण दुष्काळात तुकोबांच्या घरातील चूल थंडावली आणि त्यांची प्रथम पत्नी अन्नान्न करीत गेली. हे दुःख त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगितले आहे. त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. ज्याच्या घरी एकेकाळी दाणा उरला नव्हता, त्याच्या पादुका आज ज्या वाटेने जातात त्या वाटेवर कोणी उपाशी झोपत नाही. वारीतील अन्नदानाकडे पुण्यसंचयाचा सोपा मार्ग म्हणून पाहणाऱ्यांनी ही संगती ध्यानी घ्यावी.

या भागालाही भूक अपरिचित नाही. १९७२ च्या अवर्षणात येथील कित्येक कुटुंबांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या, मुलांच्या हातावर सुकडी ठेवली. त्या पिढीतील वडीलधारी स्त्री आजही ताटात दाणा टाकू देत नाही, तिला आपण कंजूष म्हणू नये.

उंडवडीहून सणसरपर्यंतच्या दोन दिवसांच्या वाटेत कोठीघराचे रूप पालटत जाते, हे पायी चालणाऱ्याच्याच लक्षात येते. बारामतीचा उत्तर भाग जिरायती. तेथे ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा ही हक्काची धान्ये. हुलग्याचे माडगे आणि शेंगोळे ही तेथील पावसाळ्यातली खरी मेजवानी! दक्षिणेकडे मात्र १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला, पुढे भाटघरच्या पाण्याने तो बळावला आणि उसाने शिवारे व्यापली. ऊस आला, साखर कारखाने आले, मुलांची शिक्षणे झाली, माळवदाच्या घरांवर मजले चढले. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु त्याबरोबर शाळूची कणसे खळ्यावरून गेली आणि ज्या घरात धान्याची कणगी उभी असे, त्या घरात ज्वारी पाच-दहा किलोच्या पिशवीतून येऊ लागली. शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू-तांदूळच मिळत आल्याने भाकरीची जागा चपातीने घेतली, आणि अलीकडे तर ज्वारीचा भाव कित्येकदा गव्हालाही मागे टाकतो. गरिबाचे म्हणून हिणवलेले धान्य आता गरिबाला परवडेनासे व्हावे, हा कोणता न्याय? २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गौरव झाला, ताटात भाकरी किती परतली, ते ज्याचे त्याने पाहावे.

येथे व्यवहाराची एक गोष्ट. ज्वारी साठवावी ती दाण्याच्या रूपात, पिठाच्या नव्हे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो; ते जुने झाले की विरी जाते, भाकरी थापताना कडा चिरतात आणि पिठाला कडवट वास येतो. पावसाळ्याआधी दाणे कडकडीत उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोरड्या जागी ठेवावेत आणि आठवड्यापुरतेच दळण दळावे. तुरीच्या डाळीला तेलाचा हात लावावा. चिंच बोके काढून, मीठ घालून, गोळे करून बरणीत भरावी. आपल्या आज्या हे सारे करीत, ते हौसेखातर नव्हे. नव्या पिकाला अजून अवकाश असे आणि आषाढात घरी पाहुणा येणार हे ठरलेले असे.

भाकरी आणि डाळ यांची जोडी कोणी आखून दिली, कोण जाणे. आहारशास्त्र सांगते की ज्वारीच्या प्रथिनांत जे घटक उणे असतात, ते डाळीच्या प्रथिनांत भरपूर असतात आणि डाळीतले उणे ज्वारी भरून काढते. त्यावर लिंबू पिळले तर अन्नातील लोह अंगी अधिक लागते. मूठभर शेंगदाण्यांचा कूट पडला की श्रमाच्या माणसाला पुरेसा स्निग्धांशही मिळतो. पिठले-भाकरीला दरिद्री जेवण म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याचे कारण नाही.

तेलाविषयीही बोलावयास हवे. रब्बी ज्वारीच्या शेताला कडेने करडईच्या ओळी असत. काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत आणि घाण्यावर वर्षाचे तेल निघे. आता बहुतेक घरांत सोयाबीनचे किंवा पामतेल येते. करडईचे तेल ज्यांना मिळते व परवडते, त्यांनी ते अवश्य घ्यावे. गुळाच्या बाबतीत मात्र परवडण्याचा प्रश्न नाही, डोळ्यांचा आहे. पिवळाधमक, चकचकीत गूळ पाहून आपण भुलतो. तो रंग पुष्कळदा रसायनाने आणलेला असतो. तांबूस-काळसर ढेप दिसायला साधी, पण पदरात घ्यावी तीच.

आता थोडे कटू बोलतो. गेल्या काही वर्षांत वाटेवर महाप्रसादाचे मंडप वाढले आहेत. त्यांतील अनेकांची सेवा निरलस आहे, त्यांना आमचा नमस्कार. पण काही ठिकाणी फलकावरील नावे मोठी आणि पंगतीतील अन्न तळकट असते. बुंदी, भजी, तिखटजाळ रस्से, आणि पाठीमागे पत्रावळी-पेल्यांचा खच. चालणाऱ्या वृद्धाच्या पोटाला हे सोसत नाही. मंडपवाल्यांनी गावातील चार जाणत्या स्त्रियांना विचारून बेत ठरवावा. भाकऱ्यांचे काम मात्र त्याच चार जणींच्या गळ्यात पडू नये. चुलीपुढे शंभर भाकऱ्या थापणारीलाही पालखीचे दर्शन घ्यावेसे वाटते. पीठ दळून आणणे, पाणी भरणे, भांडी घासणे ही कामे घरच्या पुरुषांनी उचलली, तर त्यांच्या माळेला काही बाध येणार नाही.

पालखी सराटीहून पुढे गेली की थोड्याच दिवसांत कांदेनवमी येते. आषाढ शुद्ध नवमीला कांदाभजी व वांग्याचे भरीत करून चातुर्मास पाळणारी घरे कांदा, लसूण आणि वांगी यांना निरोप देतात. मग चव आणायची कशाने? येथे कोठीची खरी परीक्षा असते. हिंग, जिरे, आले, सुके खोबरे, तीळ, दाण्याचा कूट आणि आमसूल यांच्या बळावर चार महिने काढावे लागतात. एकादशीला वरी, साबुदाणा आणि रताळी. गंमत अशी की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, रताळे, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही सारी मंडळी सागरापलीकडून, अमेरिका खंडातून आलेली आहेत. तरी आपल्या देवघराने त्यांना परके मानले नाही.

हिंगही असाच दूरचा. तो प्रामुख्याने अफगाणिस्तानातून येतो. आपल्याकडे हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याची लागवड २०२० च्या ऑक्टोबरात प्रथम हाती घेण्यात आली. बाजारात मिळणारा बांधानी हिंग म्हणजे मूळ राळेत पीठ व डिंक मिसळून केलेला असतो. त्यात गव्हाचे पीठ असल्यास उपवासाला तो चालत नाही, म्हणून डबीवरील घटक वाचून घ्यावेत. हिंग थोडाच आणावा, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा आणि ती डबी चहापत्ती किंवा तांदळाच्या शेजारी ठेवू नये, वास लागतो.