मंद प्रकाशाची जोखीम

संरक्षण संशोधन आणि विकास संघटना (डीआरडीओ) व दिल्लीची आयआयटी यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल या १०० किलोमीटरहून अधिक अंतरावर, नेहमीच्या ऑप्टिकल फायबरमधून 'क्वांटम' गुप्त किल्ली पाठवून दाखविली. अशी किल्ली चोरता येत नाही, असा दावा केला जातो. सिद्धांतापुरता तो खरा आहे. किल्लीचा एकेक अंक एकेका फोटॉनवर वाहून नेला जातो. वाटेत कोणी तो वाचू गेल्यास फोटॉनची अवस्था बिघडते आणि चोरी उघडी पडते. चार्ल्स बेनेट व जिल ब्रासार्ड यांनी ही पद्धत १९८४ मध्ये मांडली, तीही बंगळुरूच्या परिषदेत.

प्रत्यक्षात हुकमी एकच फोटॉन देणारा प्रकाशस्रोत सहज मिळत नाही. म्हणून लेसर अत्यंत मंद केला जातो. स्पंदामागे सरासरी ०.१ फोटॉन ठेवल्यास शंभरातील नव्वद स्पंद रिकामेच जातात, नवांत एक फोटॉन असतो आणि हजारी सुमारे पाच स्पंदांत दोन किंवा अधिक. घोडे पेंड खाते ते या पाचांत. जादा फोटॉन चोराने गुपचूप काढून ठेवला, तर कोणालाच पत्ता लागत नाही. वेगळ्या तीव्रतेचे फसवे स्पंद मधूनमधून मिसळण्याचा तोडगा २००३ ते २००५ या काळात पुढे आला. हाती आलेला स्पंद खरा की फसवा, हे चोराला ओळखता येत नाही, आणि त्याची लुडबूड पलीकडे पोहोचणाऱ्या स्पंदांच्या प्रमाणात दिसते.

ग्रहण करणाऱ्या टोकाची कथा अधिक बिकट आहे. १०० किलोमीटर फायबरनंतर शंभरातील जेमतेम एक फोटॉन उरतो. शिवाय डिटेक्टर निव्वळ अंधारातही अधूनमधून 'फोटॉन आला' अशी खोटी नोंद करतो. अंतर वाढते तसा खरा संदेश क्षीण होतो, खोट्या नोंदी मात्र तेवढ्याच राहतात. या चुका उपकरणाच्या की चोराच्या, हे सांगता येत नसल्याने सगळ्या चोराच्याच खात्यावर मांडाव्या लागतात. किल्ली त्या प्रमाणात आखूड होते, आणि एका अंतरापलीकडे उरतच नाही.

नॉर्वेतील ट्रॉण्डहाइमच्या संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांसह २०१० मध्ये याहून सोपी वाट दाखविली. प्रखर प्रकाश टाकून त्यांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या दोन यंत्रणांचे डिटेक्टर आंधळे केले. मागमूस न ठेवता संपूर्ण किल्ली मिळविता येते, हे त्यातून सिद्ध झाले. भौतिकशास्त्राचा नियम अबाधित होता. फसले ते यंत्र.

केंद्राने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. दोन हजार किलोमीटरवर सुरक्षित संदेशवहन हे तिचे एक उद्दिष्ट आहे. अंतराचे विक्रम बातम्यांत येतीलच. ही उपकरणे बँका आणि लष्कराच्या हाती पडण्यापूर्वी, ती बनविणाऱ्यांखेरीज अन्य कोणी ती फोडून पाहणार आहे काय, हे विचारणे अधिक निकडीचे आहे.