वही बदलावी कीं बदलूं नये?

गेल्या महिन्यांत एका रविवारीं दुपारचीं जेवणें आटोपल्यावर आमच्या घरांतील दोघां चुलत भावांत चांगलाच वाद झाला. दोघेही संगणकाचे व्यवसायी. वाचनालयांतील पुस्तकांची देवघेव नोंदविणारें एक सॉफ्टवेअर ते दोघे व त्यांचे चार सहकारी मिळून चालवितात. थोरला बारा वर्षांपासून त्या कामांत आहे. धाकट्यास अवघीं तीन वर्षें झालीं. धाकट्याचें म्हणणें, "दादा, आपण अजून सबव्हर्जनच धरून बसलों आहों. सारें जग गिटवर गेलें." थोरल्याचें उत्तर, "जग गेलें म्हणून आपण जावयाचें? बारा वर्षांत एक ओळ तरी हरवली का?" शब्दानें शब्द वाढत गेला, तेव्हां माझ्या मातोश्रींनीं माळ बाजूला ठेवून विचारलें, "कशावरून रे एवढें?" थोरला म्हणाला, "आजी, आमच्या कामाची नोंदवही बदलायची कीं नाहीं, हा प्रश्न आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "मग जुन्या वहींतलें सगळें नवींत उतरणार ना? आणि पुढें त्या वहींत लिहिणार कोण?" दोघेही क्षणभर स्तब्ध झाले. हे दोन प्रश्न मला इतके मार्मिक वाटले कीं, या महिन्याचें टिपण त्यांवरच लिहावें असें ठरविलें.

आज पुष्कळ वाचकांच्या घरीं एखादा तरी मुलगा वा सून या व्यवसायांत असेल. सॉफ्टवेअर म्हणजे लक्षावधि ओळींचा मजकूर, आणि त्यांत अनेक हात एकाच वेळीं फेरफार करीत असतात. कोणी, केव्हां, काय व कां बदललें याची नोंद राहावी, आणि चूक झाल्यास मागची स्थिति पुन्हा आणतां यावी, यासाठीं जी व्यवस्था असते तिला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. सबव्हर्जन पद्धतींत दप्तर एकाच ठिकाणीं असतें; प्रत्येकानें तेथून चालू प्रत आणावी व आपली दुरुस्ती तेथेंच नोंदवावी. गिट पद्धतींत आरंभापासूनचा सारा इतिहास सामान्यतः प्रत्येकाजवळ असतो. संपर्क तुटला तरी काम अडत नाहीं, व मुख्य दप्तर नष्ट झालें तरी एखाद्या सहकाऱ्याच्या प्रतीवरून तें पुन्हा उभें करतां येतें.

कधीं कधीं स्थलांतर आपल्या इच्छेवर राहत नाहीं. लिनक्सचे चालक २००२ पासून बिटकीपर नांवाचें एका खाजगी कंपनीचें साधन विनामूल्य वापरीत होते. २००५ सालीं ती सवलत बंद झाली. तेव्हां लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं ३ एप्रिल रोजीं स्वतःचें साधन रचावयास घेतलें, आणि ७ एप्रिलला तें स्वतःचीच नोंद ठेवूं लागलें. तेंच हें गिट. परक्याच्या सवलतीवर सर्व दप्तर सोंपविलें, तर केव्हां बिऱ्हाड हलवावें लागेल याचा नेम नसतो, हा त्यांतील बोध.

परंतु विचारपूर्वक स्थलांतर कसें करावें हें पाहावयाचें तर पायथनचा इतिहास पाहावा. गुइडो व्हान रोसुम यांनीं १९८९ च्या डिसेंबरांत हॉलंडमध्यें आरंभिलेली ही संगणकाची भाषा. तिच्या चालकांनीं २००५ सालीं सीव्हीएस सोडून सबव्हर्जन घेतलें, २०११ सालीं मर्क्युरिअल, आणि २०१७ च्या फेब्रुवारींत गिट. यांपैकीं मधलें स्थलांतर विशेष अभ्यसनीय आहे. ब्रेट कॅनन प्रभृतींनीं बाझार, मर्क्युरिअल व गिट हे तीन उमेदवार समोर ठेविले. नुसत्या गुणवर्णनावर न थांबतां त्यांनीं नेहमींच्या कामांची यादी केली: एकदांच प्रत घेऊन लहानशी दुरुस्ती करणें, तीच जुन्या आवृत्तींतही उतरविणें, अनेकांनीं मिळून एखादें नवें अंग घडविणें, नवी आवृत्ति प्रसिद्ध करणें. प्रत्येक काम प्रत्येक पद्धतींत कसें होतें तें लिहून काढलें. विंडोजवर गिटची सोय त्या वेळीं सर्वांत तोकडी होती, आणि अनेक कार्यकर्त्यांस तें मानवतही नव्हतें. म्हणून २००९ च्या मार्चांत मर्क्युरिअलची निवड झाली. मात्र जुना इतिहास नीट उतरवून प्रत्यक्ष प्रवेश करण्यास पुढें दोन वर्षें लागलीं.

मग सहाच वर्षांनीं तें घरही सोडलें, तेव्हां २००९ चा निर्णय चुकला काय? मला तसें वाटत नाहीं. निर्णयाच्या वेळीं जें खरें होतें त्यावर तो घेतला होता. पुढें परिस्थिति पालटली. नवशिके प्रथम गिटच शिकूं लागले. बाहेरच्या माणसास दुरुस्ती पाठविणें सुलभ व्हावें, आणि आलेली दुरुस्ती तपासण्याचा स्वयंसेवकांचा भार हलका व्हावा, हा नव्या निर्णयाचा मुख्य हेतु होता.

याच्या उलट उदाहरण एस्क्यूलाइटचें. आपल्या मोबाईलमधील माहिती जपणारें हें सॉफ्टवेअर डी. रिचर्ड हिप यांचें. त्यांनीं २००९ सालीं सीव्हीएस सोडलें तें फॉसिल या स्वतःच रचलेल्या पद्धतीसाठीं, आणि गिटचा एवढा बोलबाला होऊनही ते तेथेंच राहिले. कारण उघड आहे: तेथें लिहिणारे मोजके व ठरलेले, आणि बाहेरून येणारा मजकूर सहसा स्वीकारलाच जात नाहीं. ज्या घरीं पाहुणा यावयाचा नाहीं, त्यानें पाहुण्यांच्या सोयीसाठीं ओसरी कां वाढवावी?

तात्पर्य, "जग गेलें" हें जाण्याचें कारण नव्हे, आणि "आजवर चाललें" हें राहण्याचेंही कारण नव्हे. पुढें लिहिणारे कोण येणार, हें पाहून ठरवावें. आणि जावयाचें ठरल्यास खर्च आधींच मोजावा. जुन्या पत्रव्यवहारांत व टिपणांत नोंदींचे जे क्रमांक लिहिलेले असतात ते नव्या वहींत जुळत नाहींत. त्यांची मेळपत्रिका करावी लागते. तपासणीच्या स्वयंचलित योजना पुन्हा बांधाव्या लागतात. हातांच्या संवयी मोडतात, म्हणून कांहीं आठवडे काम मंदावतें. नवी आवृत्ति प्रसिद्ध होण्याच्या तोंडावर तर हा उद्योग करूंच नये.

आमच्या घरचा निकाल काय लागला, हें वाचक विचारतील. दोघांनीं मिळून दहा नित्याचीं कामें लिहून काढलीं व तीं दोन्ही पद्धतींनीं करून पाहिलीं. सहापैकीं तिघे सहकारी येत्या दोन वर्षांत बदलतील असें दिसतें. नवीं मुलें गिटच जाणतात. तेव्हां पुढील आवृत्तीनंतर जावयाचें ठरलें. थोरला गप्प झाला, तें मला बरें वाटलें नाहीं. पण आठच दिवसांनीं धाकटाच त्याच्यापुढें एक यादी घेऊन बसला. सबव्हर्जनमध्यें प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचें केवळ आखूड टोपणनांव असतें. गिटला पूर्ण नांव व पत्ता द्यावा लागतो. बारा वर्षांपूर्वींचीं तीं टोपणनांवें कोणाचीं, हें थोरल्यावांचून कोणासच ठाऊक नव्हतें. एका नांवापाशीं तो थांबला. ते गृहस्थ आतां हयात नाहींत. त्यानें त्यांचें पूर्ण नांव स्वतःच्या हातानें लिहिलें, आणि म्हणाला, "यांच्या दोनशें नोंदी आहेत. एकही गळतां कामा नये."

मातोश्री माळ ओढीत ऐकत होत्या. त्यांच्या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्यांस मिळालीं असावींत.