गिरणी चालली पाहिजे!
लंडनच्या ब्रिक्स्टन भागात १८१६ सालची एक पवनचक्की आहे. भोवती घरं उठली, वारा अडला आणि १८६२ मध्ये तिथलं दळण थांबलं. १९०२ साली आत इंजिन बसवलं, त्यावर ती १९३४ पर्यंत चालली. २०११ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. आता स्वयंसेवक तिथे पीठ दळतात, पण विजेवर!

"मग ती पवनचक्की कसली?" असं कुणीतरी विचारणारच. मला नाही पटत. बॅकएंड बदललं म्हणून सिस्टिम खोटी ठरत नाही. वापरणारं कुणी उरलं नाही की मात्र ती संपते. रंग दिला, पाटी लावली, कुलूप घातलं, की वास्तू फक्त फोटोपुरती उरते. पीठ देणारी गिरणी मात्र सगळ्या वस्तीची असते. तुम्हाला काय वाटतं, मंडळी?